माझ्या अंगठ्याचे एकवीस दिवस

१२ सप्टेंबर
अखेर हायड्रोजेल लागलं. डाव्या पायाच्या अंगठ्याखालची जखम सहा महिने भरत नव्हती, शुगरची कृपा. माझ्याच पोटाच्या चरबीतून स्टेम सेल्स काढल्या, तीन आठवडे लॅबमध्ये वाढवल्या आणि जेलमध्ये घालून जखमेत भरल्या. जेल पेशींना धरून ठेवतं, नवी कातडी येते. विनोदिनी म्हणाली, तुमचं पोट जन्मात पहिल्यांदा उपयोगी पडलं. बायको आहे की विरोधी पक्ष!
डॉ. सौम्यांनी बजावलं, एकवीस दिवस पाय टेकायचा नाही. जेल निसटलं तर दुसरं मिळणार नाही, अंगठा कापावा लागेल. बत्तीस वर्षं वकिली केलीय. मला कुणी भीती घालू नये.

१५ सप्टेंबर
कॅलेंडर पाहिलं. नवरात्र नेमकं यातच! टिळकवाडीत नवरात्रात रोज पहाटे निघणाऱ्या दुर्गामाता दौडीत एकोणीस वर्षं पुढचा भगवा ध्वज माझ्या हातात. यंदा गल्लीतला उपेंद्र धरणार म्हणे. तो शंभर पावलांत धापा टाकतो.

१९ सप्टेंबर
ड्रेसिंग. जखम निम्मी भरली. बाकावर काकतीचा मष्णू भेटला, त्याला हेच जेल माझ्या आठवडाभर आधी लागलंय. म्हणाला, वकीलसाब, मी न्हाणीत बी वॉकर घिऊनच जातोय, पाय टेकायचा न्हाय म्हंजे न्हाय. लई घाबरट माणूस.

२१ सप्टेंबर
ठरलं. धावणार नाही. गेटपाशी खुर्चीत बसून ध्वजाला नमस्कार. शब्द म्हणजे शब्द.

२२ सप्टेंबर, सकाळी ८
धावलो. आमच्या गेटसमोरच उपेंद्रचा फेटा सुटून डोळ्यांवर आला. ध्वज कुणी सांभाळायचा? घेतला. अनवाणी, रिवाजाप्रमाणे. टाचेवर धावलो, म्हणजे अंगठा टेकलाच नाही. शिवाय रक्ताभिसरण वाढलं, पेशींना तेच हवं असणार. अजिबात दुखलं नाही. म्हणजे भरत आलीच.
विनोदिनी बोलत नाही. नको बोलू.

२४ सप्टेंबर
तिसरा दिवस. विनोदिनीनं माझा दौडीचा पांढरा लेंगा मुद्दाम भिजत घातला. ओलाच घालून गेलो.
पट्टी जरा ओली. जेल ओलंच असतं.

२६ सप्टेंबर
पट्टी उघडली. जेल गायब, आत बारीक खडी. मी म्हणालो, पट्टीच निकृष्ट. धावलात का, डॉ. सौम्यांनी विचारलं. आरोप सिद्ध करा म्हणालो. विनोदिनीनं मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवला. घरचाच साक्षीदार फितूर!
दुखलं नाही म्हणून सांगितलं, तर म्हणे शुगरनं पायाची जाणीवच गेलीय. तीन आठवडे वाढवलेल्या माझ्या पेशी काँग्रेस रोडच्या डांबरावर गेल्या.

१ ऑक्टोबर
मष्णूची जखम मिटली. नवी गुलाबी कातडी, हात लावून बगा म्हणाला. लावला. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.
माझं ऑपरेशन परवा. दोन बोटं काढणार. मी ठणकावलं, दोन चालणार नाहीत, एकच काढा. डॉ. सौम्या म्हणाल्या, अंकल, आधी एकच जायची भीती होती. दुसऱ्यात इन्फेक्शन दौडीनंतर गेलं.
विनोदिनीनं दाखवलं तिथं सही केली.