कोमट करायला ठेवलेली बाटली

तीर्थस्वरूप दादांना त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा (म्हणजे माझाच) सादर नमस्कार.

आपला गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला असेल, आणि थांबला नसेल तर निदान आपण त्यांना औषधं सुचवणं थांबवलं असेल, अशी आशा करतो. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर आपण मला वाक्य पुरं करू देत नाही. पत्रात आपली तशी सोय नाही, म्हणून पत्र.

गेल्या शनिवारी आपण मला फोनवर सुनावलंत, की घरी बसून काम करणाऱ्या माणसाने बायकोच्या कामाला थोडा हातभार लावावा, तुमचा तर काडीचा उपयोग नाही. कळवायला आनंद होतो, की हातभार लागला आहे. तोही असा, की तिच्या विभागप्रमुखांनी स्वतः उठून येऊन तिच्याशी हात मिळवला. (हे गृहस्थ एरवी समोरच्याला नुसती मान हलवायचीही काटकसर करतात.) पण पहिल्यापासून सांगतो.

आपली बहीण तीन वर्षं उकळत्या झऱ्याच्या गाळातले आर्किया वाढवते आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. ते म्हणजे काय, हे आपण कधी विचारलं नाहीत. दिसायला हे जीवाणूंसारखे, पण घराणं अगदी वेगळं. प्राणवायू यांना विष. श्वासाचं काम हे गंधकावर भागवतात आणि वर सडक्या अंड्यांचा वास सोडतात. ज्या पाण्यात आपला हात पोळेल, तिथे सुखाने नांदतात. खाणं बेताचं, वाढणं त्याहून बेताचं. दुखणं एवढंच होतं, की बाटलीत भलतेच जीवाणू घुसले होते आणि यांच्या ताटातलं भराभर खाऊन आपला पोरवडा वाढवत होते. प्रमुखांनी सांगून टाकलं होतं, महिनाअखेर निव्वळ आर्किया दाखवा, नाहीतर प्रकल्प बंद. ती जेवताना घास हातात घेऊन नुसती बसून राहायची. मला ते बघवत नव्हतं, दादा.

त्यात प्रयोगशाळेतलं उबवणीचं यंत्र बिघडलं. तिने बाटली घरी आणून आमच्या केकच्या ओव्हनमध्ये ऐंशी अंशांवर ठेवली आणि मेकॅनिकच्या मागे लागायला गेली. ती जिना उतरते न उतरते तोच वीज गेली. ओव्हन गार पडायला लागला. हे बिचारे काकडून मरतील, या काळजीने मी पातेल्यात पाणी घेतलं आणि बाटली गॅसवर कोमट करायला ठेवली. (बूच उघडलं नाही. प्राणवायूचं मी विसरलो नव्हतो, याची नोंद घ्यावी.) तेवढ्यात आपला तो शनिवारचा फोन आला. घरात रेंज नसते, म्हणून गॅलरीत गेलो. आपण बोलत होतात, मी हो हो म्हणत होतो. यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिणं हा माझा धंदा; 'पेटती शेगडी सोडून जाऊ नये' हे वाक्य मी आजवर कितीतरी पुस्तिकांत लिहिलं असेल. पण थोरल्यांचा फोन मध्येच ठेवायची आमच्याकडे रीत नाही. परत आलो तेव्हा पाणी खदखदत होतं, बाटली पातेल्यात आपटत होती आणि लेबल सुटून वर तरंगत होतं.

तीन वर्षांची मेहनत मी उकडून ठेवली होती. बाटली पुसून परत ओव्हनमध्ये ठेवली, तिच्या वळणाचं अक्षर काढून नवं लेबल चिकटवलं आणि पुढे रोज न सांगता भांडी घासली. पडदेसुद्धा धुतले. तिने एकदा कपाळाला हात लावून मला ताप आहे का तेही पाहिलं.

आणि काल संध्याकाळी ती चपला न काढताच आत आली. म्हणाली, "फक्त तेच उरलेत. दुसरं कुणीही नाही."

उपरे सगळे शिजून मेले, दादा! उकळतं पाणी हेच ज्यांचं माहेर, त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. (केस नसतात, पण आपल्याला समजावं म्हणून.) प्रकल्प वाचला, वर मुदतही वाढली. तिला इतकं हसताना मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. मी नुसतं "अरे वा" म्हणालो आणि चहा टाकला. फुगलेली छाती मात्र अजून खाली आलेली नाही.

आपला आज्ञाधारक आणि उपयोगी मेहुणा

ता. क. तिला यातलं काही कळू देऊ नका. सगळं यश स्वतःचंच, असं तिला वाटतंय, वाटू दे. माझं मन मोठं आहे.

ता. क. २ 'काडीचा उपयोग नाही' हे शब्द आपण मागे घ्यावेत. लेखी घेतलेत तर जास्त बरं.

ता. क. ३ दादा, अक्षर बदललेलं दिसेल. या घरातली पत्रं टपालात मीच टाकते, आणि पाकीट जाड लागलं की उघडून बघते. प्रयोगशाळेत बाटलीवर माझं अक्षर गिरवलेलं पाहिलं, तेव्हाच सगळं कळलं होतं. आधी रडले, मग एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. यांना मी काही बोललेले नाही. इतके स्वच्छ पडदे मला आजवर मिळाले नव्हते. पण प्रमुखांना मी बाटली मीच मुद्दाम उकळली असं सांगितलंय, आणि आता ते विचारताहेत, नेमका किती वेळ उकळलीत? तेवढं लिहिल्याशिवाय माझं म्हणणं कुणी मानणार नाही, आणि यांनी स्वतःच्या फोनमधून त्या दिवशीच्या नोंदी पुसून टाकल्यात. तेव्हा तुझ्या फोनमध्ये बघ आणि शनिवारी यांना किती वेळ सुनावत होतास ते कळव. मला फक्त मिनिटं हवीत. शब्द तेवढे मागे घे.