भागूच्या गाडीतला पिवळा दिवा

६ ऑक्टोबर २००९, मंगळवार
शाळेतून येताना कळंबजवळ गाडीत पिवळा दिवा लागला. इंजिनाचं चित्र असलेला. मंचरला घरी येईपर्यंत गेलाच नाही! दसऱ्याला हे राजुरीहून गाडी घेऊन आले, आज आठवाच दिवस. भागू म्हणाला होता, "आक्का, डोळं झाकून घे. तीन वर्षांत एकदा बंद पडली न्हाई." पाठच्या भावाची गाडी, म्हणून मी कुणा मेकॅनिकला दाखवलीसुद्धा नाही.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, दिवे लागतात अन् जातात.

८ ऑक्टोबर
दिवा आहेच.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार
आरोही दिवाळीला आली. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मैत्रिणीकडून गाडीतला बिघाड वाचायचा स्कॅनर मागून आणलाय — वहीएवढा, लांब वायरीचा. स्टिअरिंगखाली खोचला. चकल्यांचं पीठ तसंच झाकून मी अंगणात गेले.
तिनं मला नीट समजावलं. सायलेन्सरच्या नळीत पुढं एक डबा असतो. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी. धुरातलं विष ती जाळी मारते. डब्याच्या आधी एक सेन्सर, नंतर एक. आधीच्याची रेषा सारखी वरखाली नाचते. जाळी चांगली असेल तर नंतरची रेषा जवळजवळ सरळ चालते.
गाडी तापवली. मी ॲक्सिलरेटर धरून बसले. दोन्ही रेषा नाचत होत्या! एकीसारखी दुसरी. आरोहीनं नळीला कुठं गळती आहे का तेही बघितलं. नाही. गाडी गार झाल्यावर तिनं डब्यावर पान्यानं टकटक केलं. रिकाम्या हंड्यासारखा आवाज.
"आई, आत जाळीच नाहीये. कुणीतरी काढून टाकलीय."
मग आणखी एक पान उघडलं. गाडीच्या मेंदूत चूक नोंदलेली असते, ती पुसली तर दिवा विझतो — थोडे दिवस. ती पुसलीय. कधी? किलोमीटरवरून आरोही म्हणाली, दसऱ्याच्या सुमारास.
म्हणजे मला विकताना.
पीठ आंबून गेलं.

१७ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन. हात नुसते चालत होते. आई गेली तेव्हा भागू चौथीत. त्याची वेणी-फणी सोडून सगळं मी केलं. राजुरीच्या बागायतीतला माझा हिस्सा कचेरीत जाऊन सोडून दिला, बदल्यात साडीसुद्धा घेतली नाही. त्यानं विचारलं असतं — आक्का, गाडीत खोट आहे, घेतेस का — तरी घेतली असती मी! सांगायचं तरी होतंस.

२० ऑक्टोबर, भाऊबीज
मी गेले नाही. तर तोच आला. वहिनी, करंज्यांचा डबा, सगळं घेऊन. मी पाटच मांडला नाही.
"आक्का, काय झालं?"
"गाडीतली जाळी कुणी काढली?"
"कसली जाळी? मला बॉनेटबी उघडता येत न्हाई!"
"मग दिवा कुणी पुसला?"
"आईची आण, दिवा कंदी लागलाच न्हाई."
आईची आण! त्या क्षणाला माझं डोकंच फिरलं. म्हणाले, ऊठ माझ्या घरातून. वहिनी रडायला लागली. भागू रडला नाही. माझ्या तोंडाकडं बघत बसला, लहानपणी मार खाल्ल्यावर बघायचा तसा. मग चपला घालून गेला. औक्षणाशिवाय.
करंज्या दारातच राहिल्या. आरोही म्हणाली, "मामा खोटं बोलत असेल असं वाटत नाही गं." तिलाही रागावले.
हे शांत होते. एवढंच म्हणाले, "जमीन सोडताना मी काय म्हणलं व्हतं? तुला भाऊच मोठा."

२ नोव्हेंबर
भागूचा फोन आला. उचलला नाही.

१४ नोव्हेंबर
आज ह्यांनी पुन्हा जमिनीचा विषय काढला. घोडेगावचा वकील ओळखीचा आहे म्हणे. फसवून हक्कसोड करून घेतली असं लिहायचं. मी म्हटलं, फसवून नव्हती, मी मनानं दिली होती. तर म्हणाले, "जो गाडीत फसवतो तो जमिनीत सोडंल का?"


२३ नोव्हेंबर
वर्गात एका मुलीनं निबंध वाचला — माझा मामा. मी मध्येच खाली बस म्हणाले. बिचारी!

३ डिसेंबर
घोडेगावला जाऊन सही केली. नोटीस राजुरीला रवाना. त्यात मी भागूला 'सदर इसम' म्हटलंय. हे मला परतीच्या वाटेवर उसाचा रस पी म्हणाले, थंडीत! लई खूश होते. मी ग्लास तसाच ठेवला.

५ डिसेंबर, शनिवार
सकाळची शाळा करून नारायणगावला गेले, नवा डबा बसवून घ्यायला. शाळेतल्या बाईंनी सलीमभाईचं गॅरेज सांगितलं होतं. तो गाडीखाली शिरला अन् लगेच बाहेर आला.
"मॅडम, ह्यो डबा तर मीच मोकळा केलाय. दसऱ्याला तुमचे मिस्टर ही गाडी घेऊन आले व्हते, मेव्हण्याकडनं बायकोसाठी घेतलीय म्हणले. एव्हरेज वाढंल म्हणले. मग दिवा लागला, तो बी मीच पुसून दिला. तुमाला बोलले न्हाईत?"
नोटीस भागूला आज पोचली असेल.