पत्र्याच्या डब्यांची गाडी

बाबा, तुमच्या छोट्या गाडीचे फोटो मी मागच्या आठवड्यात लोकांना दाखवले. घरात चिमुकल्या रेल्वेगाड्या बनवणाऱ्या हौशी मंडळींचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. कोणी इंजिनाचा फोटो टाकतं, कोणी त्यासोबत आठवण लिहितं. मीही दोन टाकले. एक आपल्या दारव्ह्याच्या अरुंद रुळांवरच्या गाडीच्या तुम्ही केलेल्या हुबेहूब नकलेचा, दुसरा तुम्ही ती बनवतानाचा. काय कौतुक झालं म्हणून सांगू! पुसदच्या एका गृहस्थांनी लिहिलं की नुसत्या खिडक्या बघून त्यांना लहानपणीचा प्रवास आठवला. मी अगदी फुशारून गेले होते.

मग एकाने विचारलं, 'दुसऱ्या फोटोत मागच्या टिनांवर विषाच्या खुणेचा लाल त्रिकोण दिसतोय. फवारणीच्या औषधाचे आहेत का ते?' होते ना. कपाशीवरची अळी हटता हटत नव्हती त्या वर्षांत फवारणीवर फवारणी व्हायची आणि रिकामे टिन बांधाबांधांवर पडलेले असायचे. कोणी त्यात रॉकेल ठेवी, कोणी तुरीची डाळ. तुम्हाला त्यातून पत्रा फुकट मिळे. आई शेतातल्या निंदणाहून येताना ते वेचून आणायची, माहेरून काही आणावं तशा हौसेने. अजून डोळ्यांपुढे येतं: तुम्ही टिन स्टोव्हच्या ज्योतीवर धरता, रंग फुगतो, जळतो, खोलीभर कडवट वास भरतो. 'पोरी, दार लाव व, वारा येऊन राह्यला,' तुम्ही म्हणता, कारण ज्योत हलते. मी दार लावते आणि तुमच्याजवळ येऊन बसते.

रंग जाळून तुम्ही पत्रा काढायचात, एवढं मी त्या माणसाला कळवलं. त्याचा पुढचा प्रश्न होता, 'रंग जाळताना दार उघडं असायचं ना?' मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुमचे सतत पाणावलेले डोळे आठवतात, ऐन थंडीत फुटलेला घाम, शेवटी शेवटी खिडकीचा चौकोन कापताना थरथरणारा हात. तुम्ही जाईपर्यंत डॉक्टर दमाच म्हणाले आणि आपण सगळ्यांनी ते मानलं. खरं काय ते आता कोणी सांगू शकणार नाही. पण मला भीती वाटते, बाबा, आणि ती आईसाठी वाटते. हे तिला कळलं तर तिचं काय होईल?

ती रोज संध्याकाळी विचारते, 'काय म्हणून राह्यले व लोकं?' मी कौतुक तेवढं वाचून दाखवते. आज चहा ठेवायला उठले आणि मोबाइल तिच्या हातात राहिला. परत आले तर ती चष्मा लावून, त्या माणसाच्या ओळीवर बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत होती. चहावर साय धरली. मग म्हणाली, 'मी तं राखेनं घासून देत होती समदे टिन. घासल्यावर जाते ना व ते?'

'जातं,' मी म्हटलं.

तिने थंड झालेला चहा घोटाघोटाने संपवला. बाबा, जातं की नाही, मला ठाऊक नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून एवढं लिहिते आहे. मी तिच्याशी खोटं बोलले, आणि तिने पुन्हा विचारलं तर पुन्हा बोलणार आहे.