दोन काचांमधला डाग

३ नोव्हेंबर
खिडकी बसली एकदाची! दोन काचांची, मधली फट कायमची बंद. आता रस्त्यावरची धूळ आत यायची नाही, गाड्यांची घरघर नाही. यांच्या दम्यासाठीच तर हा सगळा घाट घातला. पलंगही खिडकीला लावून दिला. हे म्हणाले, "बहिरा झाल्यासारखं वाटतंय." म्हटलं, माझी बोलणी तेवढी ऐकू येतील, काळजी नको.

११ नोव्हेंबर
काचेवर डाग. आतून पुसला, जात नाही. स्टुलावर चढून बाहेरून पुसला, तरी आहे तसाच. म्हणजे दोन काचांच्या मध्ये वाफ धरली आहे. बाटल्यांच्या कारखान्यात काच तपासण्यात माझी हयात गेली. केसाएवढा तडा नजरेतून सुटला नाही. आणि माझ्याच घरात असला माल! कंपनीत फोन केला. पोरगी गोड बोलते — "नोंद घेतली आहे, मॅडम."
हे म्हणाले, "असू दे गं. बाहेरचं दिसतंय ना?" यांचं सगळंच असू दे. दुकानदाराने नासकी अंडी दिली तरी असू दे.

१८ नोव्हेंबर
नुसता पचका झाला. कंपनीचा मिस्त्री आला, तर डाग गायब! "कुठाय डाग, मावशी?" मी काचेला नाक लावून शोधतेय आणि तो घड्याळ बघतोय. तो गेला, हे डॉक्टरांकडून परत आले, पलंगावर आडवे झाले — आणि डाग जागेवर हजर. मी चरफडले.
डॉक्टर मात्र खूश आहेत म्हणे. छाती मोकळी. खरंच, खिडकी बसल्यापासून यांनी दम्याचा पंप हातात घेतलेला नाही. कुठे ठेवलाय तेही आठवत नाही त्यांना.

२४ नोव्हेंबर
डाग आता बशीएवढा झालाय. फोटो पाठवले, रोज फोन केले, त्या पोरीला अगदी भंडावून सोडलं. शेवटी नवीन काच मंजूर! मी हात धुऊन मागे लागले की कुणाचं काय चालतंय?

२७ नोव्हेंबर
बघितलं तसं लिहून ठेवते.
दुपारी हे झोपले होते. मी शेजारी मटार सोलत बसले होते. सहज वर बघितलं तर डाग हलत होता. यांनी श्वास सोडला की पसरायचा, आत घेतला की आक्रसायचा. पलंग हातभर मागे ओढला. तरी तेच. झोपेत यांना ठसका लागला, तर डागही थरथरला.
उठल्यावर म्हटलं, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय, श्वास रोखून धरा बरं. डाग जागच्या जागी थांबला. "सोडा आता," म्हटलं. पसरला.
त्या फटीत कुणाचा श्वास जाऊ शकत नाही. काचेतलं मला कळतं. पण डोळ्यांनी बघितलं त्याचं काय करू?
यांना बोलले नाही. माझ्याच्याने मटार सोलवेनात.

२८ नोव्हेंबर
कंपनीत फोन केला. काच बदलू नका, म्हटलं. पोरगी चक्रावली — "अहो मॅडम, पण डाग?" मी म्हटलं, असू दे. माझ्या तोंडून! ती म्हणाली, ऑफिसात येऊन लेखी द्या. उद्या सकाळीच जाते.
हे विचारत होते, कालपासून जेवत का नाहीस? म्हटलं, डोकं दुखतंय.

२९ नोव्हेंबर
कागद पुढे केला तर पोरगी म्हणाली, "माणसं तर निघालीसुद्धा, मॅडम. सकाळी साहेबांचा फोन आला होता." मी तशीच धावत सुटले.
हे इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी बसले होते. मागे काच लख्ख. "बघ! मीच फोन केला. आजच्या आज पाहिजे म्हणून चांगलं दरडावलं. तू म्हणतेस ना, मी मूग गिळून बसतो? त्या डागापायी तू अन्नपाणी सोडलंस, मला बघवेना." आयुष्यातली पहिली तक्रार, आणि ती माझ्यासाठी केली. एवढं बोलताना दोनदा थांबले.
जुनी काच कुठाय, विचारलं. "नेली. फोडून टाकतात म्हणे."
मी हसले. छान झालं, म्हटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.
उशीखाली, कपाटात, खणात शोधतेय. पंप सापडत नाही.

८ डिसेंबर
हे गेले. भेटायला आलेले पाहुणेही आज परतले. पलंग मी हलवू दिला नाही. दुपारी कंपनीतून त्याच पोरीचा फोन — "काच ठीक आहे ना, मॅडम? साहेब खूश आहेत ना?"
काच स्वच्छ आहे, म्हटलं. एकही डाग नाही.