एकशेवीसचा शेवटचा रोल

१० ऑक्टोबर २००८

सहाच मिळाले. सीताबर्डीच्या दुकानदाराने खोका उलटा करून दाखवला. “बस भैया, इतना ही है. आगे का कुछ भरोसा नहीं.” दरवर्षी दीक्षाभूमीवरून परतताना बाबा त्याच्याकडूनच एकशेवीसचे रोल घेतात. मोठ्या कॅमेऱ्याचे हे रोल, एकावर बाराच फोटो. यंदा सहा, तेही मुदत उलटलेले. तो मला म्हणाला, “बेटी, पापा को डिजिटल दिला दो.” मी म्हटलं, डिजिटलवरचा फोटो पुसता येतो. “वही तो फायदा है,” म्हणाला.

परतीच्या गाडीत जागेवरून मारामारी झाली. एकाचं नाक फुटलं, माझ्या ओढणीवर रक्त उडालं. रोलच्या पिशवीवर उडालं नाही याचाच मला आनंद झाला — माणसाच्या नाकाचं काही नाही!

१३ ऑक्टोबर

रोल मेडिकलवाल्याच्या फ्रिजमध्ये ठेवले, इंजेक्शनांच्या शेजारी. थंडीत टिकतात.

फिल्म बनवणाऱ्या कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं. तुम्ही बंद केलंत तर आमच्याकडच्या माणसांचे चेहरे कोण जपेल, असं. घरात इंग्रजी लिहू शकणारी मी पहिलीच. बाबांना वाचून दाखवलं, अर्थही सांगितला. म्हणाले, “चांगलं लिवलं. पण रचना, कंपनीले आपलं सौंदड गाव कोठं आहे ते तरी मालूम आहे का?”

२ नोव्हेंबर

रुळावर माणूस कापला गेला. हवालदार ईश्वरदास बाबांना बोलवायला आले. असल्या कामाला बाबाच लागतात, कारण कोर्ट निगेटिव्ह मागतं. धड एका बाजूला, डोकं पलीकडे गिट्टीत. एक कुत्रं सारखं परत येत होतं. ईश्वरदास त्याला दगड मारत होते आणि नेम चुकून एक दगड प्रेतालाच लागला.

बाबांचा कॅमेरा दोन भिंगांचा. पोटाशी धरायचा आणि वरच्या काचेत, मान खाली घालून बघायचं. बाबा म्हणतात, मेलेल्यासमोर हेच बरं दिसतं. खटका दाबला तरी आवाज येत नाही. लग्नात लोक विचारतात, “निघाला का?” आणि तो निघालेला असतो.

मी ओकले. तोंड पुसून दुसरा फोटो मी काढला. हात हलला नाही.

ईश्वरदास म्हणाले, “खुशालभाऊ, ठाण्यात डिजिटल येऊन राहिला. मंग तुमाले कोन विचारते?” बाबा म्हणाले, “मुडदे तं विचारतीन.”

१८ डिसेंबर

लग्नसराईत पाच रोल गेले. आज शेवटचा भरला. कंपनीचं उत्तर नाही.

ठरवलं आहे — बारा पूर्ण झाल्याशिवाय धुवायचा नाही, आणि एकमेकांना विचारल्याशिवाय एकही खटका नाही. पासपोर्टवाले वगैरे छोट्या कॅमेऱ्यावर. नियम मी केला, बाबांनी मान डोलावली. रोल संपल्यावर त्यांच्या हाताला धुण्याचीच आठवण जास्त येईल. काळ्या डबीत औषध घालून ती उलटीसुलटी करत राहायची असते. कधी जेवताना, बोलताना सुद्धा त्यांचं मनगट तसं वळत असतं.

११ जानेवारी २००९

 

रेणू आली होती. कामठ्याची रेणू. गोंदियाला कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. दुसऱ्या वर्षाला तिचं लग्न लावून दिलं, इथल्याच इंद्रकुमारशी. धानाचा व्यापार, फाटकापलीकडे पक्कं घर, तीन भाऊ. मी पदवी घेतली, ती सासरी आली. जोडफोटो काढायचा होता. “मोठ्या कॅमेऱ्यावर काढ, रचना.” इंद्रकुमार म्हणाला, “मोबाईलमधी फुकट निघते.” पण बसला.

मी दिव्यापाशी, बाबा कॅमेऱ्यापाशी. जोडफोटो झाला. मग रेणू म्हणाली, “आता एक माझा एकटीचा.”

“काऊन? कोनाले द्याचा आहे?”

“मायले.”

“मायचं नाव सांगते मले.”

तो हसत होता. हसत हसतच त्याने तिची वेणी मुठीत धरली, मान मागे खेचली आणि तोंडावर मारलं. उघड्या हाताने नाही. मग पुन्हा. तिचं डोकं मागच्या पडद्यावर आपटलं, रंगवलेल्या बागेवर. ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलं. मी धावले. त्याने कोपर मारलं, मी दिव्याच्या स्टँडवर पडले आणि त्याची मूठ पुन्हा तिच्या तोंडावर.

आणि बाबा मान खाली घालून उभे होते. जिथे होते तिथेच. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

सगळं झाल्यावर म्हणाले, “रोल संपला का फोटो भेटन, भाऊ.” गिऱ्हाइकाशी बोलावं तसं!

ते गेल्यावर मी ओरडले. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो कशाला लावलाय, काढून ठेवा, म्हटलं. बाबा ओलं फडकं घेऊन पडद्यावरचं रक्त पुसत होते. म्हणाले, “तिले त्याच घरी राहाचं आहे, पोरी.”

हेच का त्यांचं उत्तर? मला तेव्हा स्टँड उचलून त्याच्या डोक्यात घालायचा होता. अजूनही घालायचा आहे.

१३ जानेवारी

कॅमेऱ्याच्या आकड्यात एक फोटो जास्त दिसतोय. जोडफोटो चौथा होता. पुढचा पाचवा हवा, आकडा सहाचा. म्हणजे बाबांनी एक जागा कोरी पुढे सारली! शेवटच्या रोलची! “सुटला असन हातून,” म्हणाले. मी म्हटलं, तिकडे पोरगी मार खात होती आणि तुमच्या हातून रोल सुटला. 

एवढं सोडलं तर दोन दिवस आम्ही बोललो नाही. आई मधून ताटं सरकवते.

९ फेब्रुवारी

कचारगडची यात्रा. गर्दीत बाबांसोबत पायथ्याशी पडदा लावून बसले. शेजारी रायपूरकडची पोरं, डिजिटल आणि छोटं छपाईचं यंत्र घेऊन. फोटो काढला की दोन मिनिटांत हातात. आमच्याकडे कोण येणार? एकाने हाक मारली, “दीदी, ये डिब्बा म्यूज़ियम में दे दो, टिकट लगेगा.” मी म्हटलं, तुझ्या यंत्रातला कागद दोन वर्षांत पांढरा पडेल. “तब तक तो ये दूसरी शादी कर लेगा,” तो म्हणाला, समोरच्या नवरदेवाकडे बोट दाखवून. सगळे हसले. मीही हसले, हसू दाबता आलं नाही.

एक म्हातारी आली. सोबतच्या नातवाचं धोतर नीट करून देत होती. म्हणाली, मोठ्या डब्ब्यावरच काढ, त्यात माणूस पूर्ण येते. तिचा एक काढला.

२ मार्च

रेणू एकटी आली. जोडफोटो मागायला, म्हणाली. दोन जागा शिल्लक आहेत, संपल्यावर धुणार, असं सांगितलं.

“अजून नाही संपला? कोनी मरत नाही का गावात?”

हसली तेव्हा डावीकडचा दात नव्हता. बांगड्यांच्या वर हात निळाकाळा. मी म्हटलं, ठाण्यात चल, मी येते. बाबा फोटो काढतील, निगेटिव्ह असेल, कोणी नाही म्हणू शकणार नाही.

“मेल्यावरच काढतात ना तुझे बाबा?”

बाबा पलीकडे बसले होते. ऐकलं त्यांनी. उठून आले, तिच्यासमोर उभे राहिले, म्हणाले, “बाई, तू हो म्हन. तू हो म्हटलं का आपल्यापाशी आहे.” काय आहे, ते सांगितलं नाही. रेणू म्हणाली, “होळी होऊ द्या, काका. मंग पाहू.”

मी मनात म्हटलं, बाबांचं नेहमीचं, मोघम.

२१ मार्च

रेणू मेली.

सकाळी बोडीत सापडली. सासरच्या घरामागच्या या तळ्यात गुडघाभर पाणी आहे आता. गुडघाभर! धुणं धुताना पाय घसरला म्हणे.

तिची आई रुख्मिणीबाई कामठ्याहून आली होती. बोडीच्या पाळीवर बसून तिने रेणूचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि पोलीस सांगत होते तरी सोडत नव्हती. मला बघून म्हणाली, “काढ वो माह्या पोरीचा फोटो. मोठ्यावर काढ.” ठाण्याचा माणूस डिजिटलवर काढून बाजूला झाला होता. मी जवळ गेले. गळ्यावर दोन्ही बाजूंना बोटं उमटली होती. काचेत स्पष्ट दिसली. मी एक काढला. अकरावा.

दुसरा काढायच्या आत इंद्रकुमारचे भाऊ आले. एकाने कॅमेऱ्याचा पट्टा ओढला, माझी मान सोलली गेली. बाबा मध्ये शिरले. भावांनी कॅमेरा पाळीच्या दगडावर आपटला, त्याचं मागचं दार उघडलं. मग तोच कॅमेरा उचलून बाबांच्या तोंडावर मारला. जबडा मोडल्याचा आवाज मी ऐकला. बाबा खाली पडले, तर एक भाऊ त्यांच्या उजव्या हातावर बुटाने उभा राहिला आणि टाच फिरवली. पोलीस होते. दहा पावलांवर होते.

मी रोल ओढणीत गुंडाळला. पण उशीर झाला होता. भर उन्हात उघडा पडला होता. उजेड लागलेला रोल म्हणजे संपलेला रोल. कॅमेराही गेला.

मी त्यातल्या एकाला चावले. हाताचं मांस तोंडात आलं. मला वाईट वाटत नाही.

२४ मार्च

बाबा गोंदियाच्या दवाखान्यात. जबडा तारेने बांधलाय, बोलता येत नाही. उजवा हात प्लास्टरमध्ये. नळीने पेज.

३० मार्च

ठाण्यात गेले. डिजिटलचं कार्ड उडालं. “टेक्निकल,” म्हणाले. एवढं सोपं! नागपूरचा दुकानदार आठवला — वही तो फायदा है.

इंद्रकुमारने लिहून दिलंय: मी बायकोला कधी बोटही लावलं नाही, आमचा संसार सुखाचा होता. भावांविरुद्धची तक्रार “किरकोळ हाणामारी” म्हणून लिहिली. मी सांगितलं, त्याने माझ्यासमोर तिला मारलंय, आमच्या स्टुडिओत. साहेब म्हणाले, “तुम्ही तिच्या मैत्रीण. वरून त्यांच्याशी भांडण. तुमच्या शब्दाला कोण विचारतो? काही दाखवता येईल असं आहे का?”

नाही. काही नाही. पदवी आहे माझ्याकडे.

ईश्वरदास बाहेर भेटले. खालच्या आवाजात म्हणाले, “पुढच्या आठवड्यात फाईल बंद होऊन राहिली. मी हवालदार मानूस.” मी त्यांच्या बुटांकडे बघत राहिले.

३ एप्रिल

बाबांना ताप आहे. डोळे मिटून पडले होते, पण डावा हात सारखा हलत होता. मनगट वर, मनगट खाली. आई म्हणाली, वात झाला. नर्सने हात पलंगाला बांधला. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे इतक्या रागाने बघितलं की मी घाबरले. आयुष्यात तसं बघितलं नव्हतं त्यांनी.

बसने परत येताना समजलं. वात नाही. डबी! रोल धू म्हणतायत.

कशाला? उजेड लागलाय त्याला. पण मग विचार केला — रोल गुंडाळत जातो. उजेड वरच्या वेढ्यांना लागला असेल. रेणूचा शेवटचा फोटो वर होता, तो गेलाच. आतले जुने वेढे, जानेवारीचे, काळ्या कागदात घट्ट आहेत. जोडफोटो आत असेल. निदान रुख्मिणीबाईंना पोरीचा जिवंत चेहरा मिळेल. एवढंच म्हणत असतील बाबा.

औषधाची पुडी एकच उरलीय. उद्या धुते.

४ एप्रिल

धुतला. शेवटचे तीन काळेठिक्कर. त्याआधीचे कडेने जळलेले, म्हातारी अर्धी आली आहे. चौथा जोडफोटो, स्वच्छ.

पाचवी जागा कोरी नाही.

निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं दिसतं. पांढरी वेणी. तिच्यावर आवळलेली मूठ. दुसरी मूठ तिच्या तोंडावर टेकलेली. त्याचा चेहरा पूर्ण, हसणारा. कोपऱ्यात दिव्याचा स्टँड आणि पडताना मी. कुठेही हललेला नाही.

या कॅमेऱ्यात मान खाली घालूनच बघावं लागतं.