मिझुहोसाठी सुरी

३ ऑक्टोबर

मिझुहोला सुरी हवी आहे. एकच, पण जन्मभर टिकणारी. पुढच्या महिन्यात आमची नात नवऱ्याबरोबर होक्काइदोला राहायला जाणार. तिथे स्वतःचं स्वयंपाकघर असेल, पण धार लावून द्यायला हाकेच्या अंतरावर आजोबा नसतील. मी हरखलोच. साठ वर्षं पाती घासली ती कशासाठी!

तेवढ्यात यासुए बश्या पुसता पुसता तिला म्हणाली, "मुनेओंच्या हातची एक घे ना."

माझी बायको! माझ्या नातीला! माझ्याच घरात!

४ ऑक्टोबर

सकाळपासून तेच डोक्यात. मुनेओ दोन गल्ल्या पलीकडे राहतो. माझ्यासारखाच धारवाला. बायको जाऊन सहा वर्षं झाली. हात चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण पन्नास वर्षांपूर्वी मध्यस्थबाई यासुएचा फोटो घेऊन आधी त्याच्या घरी गेली होती. मुलगी फार उंच, असं त्याच्या आईने म्हटलं, म्हणून तो फोटो आमच्या दारात आला. हे मला माहीत आहे. मला माहीत आहे हे यासुएला माहीत आहे. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

६ ऑक्टोबर

यासुए मी धार लावलेल्या सुऱ्या सायकलवरून व्यापाऱ्याच्या पेढीवर पोचवायला गेली. लग्न झाल्यापासून तीच नेते. जाऊन-येऊन पाऊण तासाचा रस्ता, आली अडीच तासांनी.

"मुनेओंकडे चहा घेतला," म्हणाली. बाजारभाव सांगावा तसं!

आणि निघताना केस नीट विंचरले होते. पेढीवरच्या त्या टकल्या म्हाताऱ्यासाठी कोण केस विंचरतं?

७ ऑक्टोबर

धार लावायच्या चाकावरचा दिवा बदलला. तरी पात्यावर उजेड धड पडत नाही. हल्लीचे दिवेच कुचकामी.

९ ऑक्टोबर

मिझुहो आली होती. जितकं पोलाद टणक तितकी सुरी टिकाऊ, असं तिने कुठेतरी वाचलंय. मी म्हटलं, पोरी, तसली सुरी लाल भोपळ्यात अडकली आणि तू मनगट जरा वळवलंस की धारेचा टवका उडालाच. घरच्या सुरीच्या अंगात थोडी माया हवी. पाठीला जाड, धारेकडे येताना शिंपल्यासारखी किंचित फुगीर, आणि अगदी टोकाला बारीक. अशी सुरी मार खाते आणि वर्षानुवर्षं चालते. जुनं साधं पोलाद सगळ्यात गोड कापतं, पण चिरून झाल्या झाल्या पुसायला लागतं, नाहीतर गंजतं.

"आजोबा, मी नाही पुसणार. मी स्वतःला ओळखते."

म्हणजे न गंजणारी. गिळलं मी ते. निदान खोटं तरी बोलली नाही.

मग तिनेच डाव मांडला. पात्यावर शिक्का पेढीचा असतो, धारवाल्याचं नाव कधीच नसतं. तेव्हा ती पेढीवरून एकाच घडणीच्या दोन सुऱ्या आणणार, एक माझ्या खेपेतली, एक मुनेओच्या. कोणती कुणाची हे चिठ्ठीत बंद. चांगली ती मी निवडायची, तीच ती नेणार.

"कशाला हा पोरखेळ?" यासुए म्हणाली. चेहरा उतरला होता तिचा. त्याची हार बघवणार नाही, दुसरं काय! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

१३ ऑक्टोबर

झाली परीक्षा. आधी मुळा, मग पिकलेला टोमॅटो, शेवटी अर्धा भोपळा. मिझुहोने चिरलं, मी चिरलं. दोन्ही उत्तम, अगदी बहिणी-बहिणी. मी डोळे मिटले आणि अंगठा धारेवरून आडवा फिरवला. बोटांना फसवता येत नाही. दुसरी उचलली आणि म्हटलं, "ही माझी."

मिझुहोने चिठ्ठी उघडली. त्यात माझं नाव, तोकुजी. माझ्याच खेपेतली!

मी पाटाएवढ्या जागेत नाचलो असेन. यासुएचे मात्र डोळे भरले होते. नवरा जिंकला, आणि हिच्या डोळ्यांत पाणी! मुनेओसाठी! जेवताना मी तिच्याकडे पाठ करून बसलो. तिने वाढलेला दुसरा वाडगा मात्र संपवला, मुळ्याचं लोणचं फार छान झालं होतं.

१४ ऑक्टोबर

मिझुहो सुरी घेऊन गेली. "रोज तुमची आठवण येणार, आजोबा." दिवसभर छाती फुगलेली.

तरी मुनेओच्या घराकडे नजर जातेच. एकटा जेवत असेल. जिंकलेल्याने मन मोठं करावं, कळतं मला. होत नाही.

१६ ऑक्टोबर

यासुए सुऱ्या घेऊन गेली. तीन तास.

१८ ऑक्टोबर

यासुए मासळी आणायला गेली होती. फोन वाजला. मी उचलला, पण तोंड उघडायच्या आत मुनेओने सुरुवात केली. चाकाशेजारी जन्म काढून त्याचे कान गेलेत, पलीकडे कोण आहे हे ऐकायला तो थांबतच नाही.

"वहिनी, परवा राहिलेल्या अठरा सुऱ्या झाल्या, घेऊन जा. तोकुजीच्या नजरेला आता पात्याचा वाक दिसत नाही हो. पण सगळ्या नीट करून धार नव्याने लावली, नेहमीसारखी. तीन वर्षं पेढीला कळलं नाही, पुढेही कळणार नाही. आणि नातीपुढच्या दोन्ही सुऱ्यांना धार माझीच होती, म्हणून रडत बसू नका. त्याने आपली म्हणून उचलली ना? मग झालं तर."

फोन ठेवला.

यासुए आली. कुणाचा फोन आला होता का, विचारलं.

नाही, म्हटलं.