असली रेशीम, सुरतेहून

२ मे १९९३
तातेराव पुन्हा सुरू. म्हणे मच्छिंद्र, बहिणीला लग्नासाठी पॉलिस्टर देऊन रेशीम सांगितलंस, बरं न्हाई केलंस. परतूरचा माणूस, माझ्या बाजूची लूम चालवतो, म्हणून ऐकून घेतो. दोन्ही चमकतंय, दोन्ही सळसळतंय, मंग फरक कशात? रेशीम म्हणजे किड्याची थुंकी. पॉलिस्टर मशीनवरचं, स्वच्छ. एवढी सुरत काय येडी हाय का?
साडी सेठच्या डागी मालातली, नव्वद रुपयांची. घरी अठराशे सांगितले. मन मोठं पाहिजे.

४ मे
चहाच्या टपरीवर तातेरावनं दोन धागे पेटवले. त्याच्या बायकोच्या रेशमी खणाच्या धाग्यानं केस जळल्यावानी वास सोडला, मंग तो विझला, राख चुरली. माझ्या लूमवरचा पॉलिस्टरचा वितळला अन् माझ्याच अंगठ्यावर टिपकला. सोडंना. कातडीसकट निघाला.
तातेराव म्हणला, नवरी होमाजवळच बसती ना रे?
दिवाळीला साडी नेऊन दिली तवा मीच आईला बजावून आल्तो: मामाचं पिवळं सुती लुगडं बिलकुल नको, होमाला पुष्पी माझं रेशीमच नेसंल.
लग्न अकराला.

५ मे
ठरलं. उद्या सेठकडं सुट्टी मागायची, जल्दी गावाकडं राजूर गाठायचं, सगळं खरं सांगायचं. मी भीत न्हाई.

६ मे
सेठ चिडलेला. चिडलेल्या माणसाला सुट्टी मागू नये. फोनच बरा.

७ मे
गावात फोन रामरावच्या दुकानात. आईला बोलावलं. अख्खं दुकान कान देऊन उभं, खरं कसं सांगणार? पुष्पीला होमापासून लांब बसवा म्हणलो. आई म्हणली, मंग लग्न काय फोनवर लावू? होम बारका ठेवा म्हणलो, इथले डॉक्टर सांगतेत, धूर वाईट. आई म्हणली, पिऊन बोलून राह्यला का तू?
बिल वाढत होतं. ठेवला.

११ मे, दुपार
आता लाह्या टाकत असंल. पुष्पीचा पदर लहानपणापासून जाग्यावर राहत न्हाई. लूमवर धागा तुटलेला दिसलाच न्हाई, कापड वाया, सेठनं दंड लावला. बाप्पा, एवढी बार सांभाळ.

संध्याकाळ
फोन वाजतो, कुणी उचलत न्हाई. सगळे मांडवात असतील.
का दवाखान्यात?

१२ मे
पुष्पी सुखरूप!
आई म्हणली, साडीची घडी मोडली तर चटचट वाजून अंगाला चिकटली, पुष्पीनं तवाच ओळखलं, रेशीम न्हाई. मामाचं पिवळंच नेसली. माझी साडी न्हाणीला पडदा म्हणून लावली. किती पाणी उडालं तरी रंग गेला न्हाई, पाहुण्यांनी तारीफ केली. म्हणजे माल बराबर होता.
सासरी जाताना पुष्पी रडली म्हणे: माझ्या दादाला दुकानदारानं लुटलं.
म्हणून भुजंगमामा सुरतेला यून राह्यला. दुकानदाराची गचांडी धरून अठराशे वसूल करणार. मी फक्त दुकान दाखवायचं. मामा जुना पैलवान. उद्या रातच्या गाडीनं निघणार.

१३ मे, सकाळ
सेठकडनं उचल घेतली. दिवाळीपोतर पगारातून कटंल. घरी फोन केला: मामाला थांबवा, गचांडी मीच धरली. दुकानदार पायाच पडला. तसा इमानदार निघाला, सगळे परत दिले. तारेनं मनीऑर्डर करून राह्यलो.
रुपये अठराशे.